रेव्हरंड टिळक आणि त्यांचे घरचे टीकाकार

मागच्या सत्रात मराठीच्या तासाला 'स्मृतिचित्रे' शिकत असताना वर्गातील एका मित्राने सरांना प्रश्न विचारला, "सर, हा माणूस एकदा ख्रिस्ती झाला ना, मग पुन्हा अभंग कशाला लिहीत बसला?" वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "हाच प्रश्न त्यांना ख्रिस्ती लोकांनीही विचारला होता. कोणी तरी शोधून काढा." प्रश्न मित्राचा, पण शोधण्याचे काम कसे कोण जाणे माझ्या गळ्यात पडले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ग्रंथालयातून जे मिळेल ते वाचले. त्यातून माझे जे मत बनले, ते या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. परक्याच्या घरातल्या भांडणात पडू नये असे आमच्याकडे म्हणतात. परंतु ज्या वस्तूवरून हे भांडण झाले ती वस्तू, म्हणजे अभंग, आमच्या घरची आहे. त्यामुळे दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला पोहोचतो, असे वाटते.

आणखी एक खुलासा. आमच्या गावी 'टिळक' म्हटले की लोकमान्य, दुसरे टिळक कोणाला ठाऊक नाहीत. हे टिळक निराळे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, म्हणजे आपल्या कोकणातच झाला. शाळेत ज्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता पाठ करताना पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे डोळे ओले झाले, ते हे टिळक. 'वनवासी फूल' त्यांचेच. बालकवी ठोमरे यांना घरच्या मुलासारखे जवळ करणारेही हेच. नाशिकला संस्कृत विद्येचा अभ्यास, पुढे नोकऱ्या, भटकंती, धर्माविषयीची तळमळ, आणि रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने हाती दिलेला नवा करार, असा त्यांचा मार्ग आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही एका भारतीय पाळकाच्या हातून. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले, १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

धर्मांतरानंतर नातेवाइकांनी आणि समाजाने त्यांना काय काय ऐकवले, ते 'स्मृतिचित्रे'त आहेच. ते अपेक्षितही होते. चिपळूणकरांच्या निबंधांवर वाढलेल्या पिढीने एका चित्पावन ब्राह्मणाच्या ख्रिस्ती होण्याला टाळ्या वाजवल्या असत्या तरच नवल. मला नवल वाटले ते दुसऱ्या बाजूचे. ज्यांच्यासाठी त्यांनी आई-बापांचे गोत सोडले, बायको-मुलाचा वियोग सोसला, त्या ख्रिस्ती मंडळींतील काहींना हा माणूस शेवटपर्यंत अर्धाच आत आलेला वाटला. मिशनमधील काही परदेशी पाद्र्यांना असे वाटे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींनाही असे वाटे. बाहेरचे म्हणत, 'तू गेलास.' आतले म्हणत, 'तू पुरता आला नाहीस.' या दोन वाक्यांच्या मध्ये हा कवी चोवीस वर्षे उभा राहिला आणि तेथे उभा राहूनच त्याने लिहिले.

आतल्यांचा आक्षेप थोडक्यात असा होता. टिळक अभंग लिहितात, ओव्या लिहितात, टाळ-मृदंगावर कीर्तन करतात, ख्रिस्ताला गुरू म्हणतात, माउली म्हणतात. हे सारे शब्द विठोबाच्या दारातले आहेत आणि त्या शब्दांबरोबर विठोबाही मागच्या दाराने देवळात शिरेल. टिळकांनी या भीतीला आणखी खतपाणी घातले, हेही खरे आहे. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते उघडपणे सांगत. एवढ्यावर न थांबता, महाराष्ट्राच्या संतवाङ्‌मयाला त्यांनी जवळजवळ आपल्या जुन्या कराराची जागा दिली. ख्रिस्ती माणसाच्या कानाला हे केवढे धाडसाचे वाटले असेल, याची कल्पना आपल्याला सहज येणार नाही. जुना करार म्हणजे त्यांच्या पवित्र शास्त्राचा अर्ध्याहून मोठा भाग. त्याच्या शेजारी देहूच्या वाण्याला बसवायचे म्हणजे काय!

या पुलाच्या गोष्टीपासूनच सुरुवात करू. टीकाकारांचे म्हणणे असे दिसते की पूल ओलांडला, पलीकडे पोहोचला, आता पुलाचे काय काम? तो विसरला पाहिजे. आपण महाडची मंडळी आहोत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि माणसे गेली. त्या वेळी मी चौथीत होतो. पलीकडे पोहोचलेल्या माणसालाही पूल लागतो, हे त्यानंतरचे दिवस पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. मागे राहिलेल्यांना यायचे असते, आपल्यालाही घरच्यांच्या भेटीला जायचे असते. टिळकांनी पुलावर घर बांधले नाही. त्यांचे घर कोठे होते याबद्दल त्यांच्या कवितेत तसूभरही संदिग्धता नाही, ख्रिस्ताखेरीज दुसरे नाव तेथे नाही. त्यांनी फक्त पूल पाडायला नकार दिला. आणि टीकाकारांचा राग नेमका त्या नकारावर होता, असे मला वाटते.

आता अभंगाविषयी. अभंग हा धर्म आहे की छंद? आमच्या गावच्या सप्त्यात माझे आजोबा मृदंग धरीत. त्यांना हा प्रश्न विचारला असता तर ते म्हणाले असते, 'अभंग म्हणजे देवाशी बोलायची रीत.' ही व्याख्या कोणत्या पुस्तकात सापडणार नाही, परंतु टिळकांना ती मान्य झाली असती. अभंगात माणूस देवाशी भांडतो, रुसतो, त्याला टोचून बोलतो, स्वतःला पतित म्हणतो आणि पुन्हा हक्काने जवळ जातो. इतक्या उघडेपणाने बोलण्याची सवय मराठी माणसाला दुसऱ्या कोणत्या छंदाने लावली? शार्दूलविक्रीडितात कोणी देवाशी भांडल्याचे मला तरी आठवत नाही. टिळक संस्कृत वृत्तांत सफाईने लिहीत, निसर्गकवितेसाठी त्यांनी ती वापरलीही. परंतु ख्रिस्ताशी बोलायची वेळ आली तेव्हा ते अभंगाकडे वळले. हा कवीचा निर्णय आहे. त्यात छुपा विठोबा शोधणे म्हणजे पत्रातला मजकूर सोडून कागद कोणत्या गिरणीचा आहे ते पाहण्यासारखे आहे.

बरे, टीकाकारांच्या हातातला कागद तरी कोणत्या गिरणीचा होता? त्या काळच्या मराठी उपासनेत पुष्कळ गायने इंग्रजीवरून भाषांतरित केलेली, इंग्लंड-अमेरिकेकडच्या चालींवर बसवलेली असत. चालीसाठी मराठी शब्द मध्येच तोडावा लागे, ऱ्हस्वाचे दीर्घ करावे लागे. गाणाऱ्याचे ओठ हलत, पण जीव हलेना. त्या चालीही कोणी स्वर्गातून आणलेल्या नव्हत्या. त्याही कोणत्या तरी गावच्या होत्या, फक्त ते गाव समुद्रापलीकडचे होते. इंग्रज माणसाने आपल्या गावच्या चालीवर देवाला गाणे म्हटले तर ती उपासना, आणि कोकणातल्या माणसाने आपल्या गावच्या चालीवर म्हटले तर ती भेसळ, हा कोणता न्याय? स्वतः प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याने तेथल्या लोकांपुढे त्यांच्याच कवींचा आधार घेतला, हे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ज्या 'शब्द' या कल्पनेने होतो, ती ग्रीक तत्त्वज्ञांच्या तोंडी आधीपासून होती. टिळकांनी केले ते पौलाने आणि योहानाने आधी केले होते. फरक एवढाच की त्यांचे कवी ग्रीक होते, यांचा कवी देहूचा.

शिवाय टीकाकार आपल्याच घराचा इतिहास विसरले होते. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेला फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठीची थोरवी गाणारा परदेशी माणूस! म्हणजे ज्ञानेश्वरांच्या ओवीत ख्रिस्ताची कथा टिळकांच्या तीनशे वर्षे आधी सांगून झाली होती. तेव्हा तुकाराम महाराज आठ-दहा वर्षांचे असतील. खुद्द अहमदनगरच्या मिशनमध्येही टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांच्यासारखी मंडळी ख्रिस्ती कीर्तने करीत. तेव्हा टिळकांनी परंपरा मोडली असे म्हणण्यापेक्षा, महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची एक जुनी आणि चांगली परंपरा त्यांनी पुढे नेली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

'माउली' या शब्दावरचा आक्षेप मला त्या मानाने किरकोळ वाटतो. ख्रिस्त पुरुष होता, त्याला आई कसे म्हणता? ज्ञानोबांनाही आपण माउलीच म्हणतो, मराठी कानाला त्यात विशेष काही वाटत नाही. परंतु मराठीचे राहू द्या. कोंबडी आपली पिले पंखाखाली गोळा करते तसे यरुशलेमच्या लेकरांना जवळ घ्यावे असे मला किती वेळा वाटले, अशा अर्थाचे उद्गार मत्तयाच्या शुभवर्तमानात खुद्द येशूच्या तोंडी आहेत. इंग्लंडमधल्या नॉर्विच येथील जूलियन नावाच्या साध्वीने चौदाव्या शतकात येशूला आई म्हटले आहे, आणि ती काही पंढरपूरला जाऊन आलेली नव्हती. हा शब्द भक्तीच्या एका टप्प्यावर आपोआप तोंडातून निघतो, एवढेच यातून दिसते.

येथवर टिळकांची बाजू घेणे सोपे होते. यापुढे तितके सोपे नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. कल्पना अशी की ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्या कोणालाही, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारात बंधू म्हणून बसता यावे. येथे टीकाकारांचा सूर चढला. बाप्तिस्मा म्हणजे केवळ पाण्याचा विधी नव्हे, तो उघडपणे केलेला अंगीकार आहे. त्यासाठी लोकांनी घरदार सोडले, मार खाल्ला, वाळीत पडले. असे असताना जो काहीच सोडत नाही त्याला त्याच पंगतीला बसवायचे? या प्रश्नात जोर आहे हे मान्य केले पाहिजे. ज्याने स्वतः सर्वस्व सोडले होते त्या टिळकांनीच इतरांना सूट द्यावी, याचे त्यांच्या मित्रांनाही आश्चर्य वाटले असेल. दुसरे असे की दरबार हा पूर्णपणे टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. दोन वर्षांत ते गेले आणि त्यांच्यामागे दरबारही टिकला नाही. नियम, घटना, मंडळ्या यांचा टिळकांना कंटाळा होता. कवीला तो शोभतो, संस्थापकाला शोभत नाही.

तरी एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटली. टिळकांना दिसत होते की महाराष्ट्रात पुष्कळ माणसे ख्रिस्ताचा उपदेश मनोमन मानतात, परंतु मंडळीच्या दाराशी येऊन थबकतात. दार ख्रिस्तापेक्षा गोऱ्या साहेबाचे अधिक वाटे, हे त्याचे कारण. मिशनने मंडळीला आपल्या पायांवर उभे राहू दिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी मिशनमध्ये राहून केली आणि शेवटी नोकरी सोडून केली. दरबार फसला असेल. पण दार बदलले पाहिजे हे म्हणणे फसले नाही. टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी स्वतः १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापून देशी पद्धतीचा आश्रम चालवला, ते उगीच नव्हे. ज्या वर्षी टिळक वारले त्याच १९१९ साली निकोल मॅक्‌निकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठी संतांच्या एकशेआठ अभंगांचे इंग्रजी पुस्तक काढले. अमेरिकन मराठी मिशनमधले जस्टिन ॲबट यांनी तर पुढे एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांना इंग्रजीत नेण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घातली. ज्या पुलाविषयी कुरकुर होती, त्यावरून शेवटी साहेबच ये-जा करू लागले!

आता एक आक्षेप जो टिळकांच्या हयातीत फारसा कोणी घेतला नाही, पण आज घेतला जातो. मला तो सर्वांत वजनदार वाटतो. अरविंद निर्मळ या मराठी ख्रिस्ती धर्मपंडिताने १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानातून एका नव्या विचाराला तोंड फोडले. तो पुढे दलित ख्रिस्ती धर्मविचार म्हणून ओळखला गेला. त्यांचे म्हणणे असे की भारतातील ख्रिस्ती लोकांत बहुसंख्य दलित, पण आपले ख्रिस्ती तत्त्वज्ञान मात्र ब्राह्मणी परंपरेच्या साच्यात घडत राहिले. हा बाण टिळकांनाही लागतो. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजातून आलेल्या. त्यांनी ज्या गावगाड्यापासून सुटका करून घेतली, त्याच गावगाड्याची भक्ती नारायणरावांनी टाळ-मृदंगासह पुन्हा त्यांच्यापुढे आणून ठेवली, असे कोणी म्हटले तर?

चवदार तळ्याच्या गावात शिकणाऱ्याने या प्रश्नावरून घाईने पुढे जाऊ नये. २० मार्च १९२७ ला येथे जे घडले ते पाण्यासाठी होते आणि पाण्यापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी होते. ज्या संतपरंपरेचा आपण गौरव करतो तिने चोखोबांना महाद्वाराबाहेरच ठेवले, हेही खरे. टिळकांच्या लिखाणात आपल्या ब्राह्मणपणाची आठवण अधूनमधून डोकावते, ती मी नाकारत नाही. मात्र दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगाव्याशा वाटतात. त्यांनी आपल्याबरोबर वेदान्ताची पोथी आणली नाही. त्यांनी आणला तो अभंग, आणि अभंग ही ब्राह्मणांनी इतरांना दिलेली वस्तू नव्हे. कुणबी तुकोबांनी, नामदेव शिंप्याने, गोरोबा कुंभाराने, चोखोबा आणि सोयराबाईने तो घडवला. महाद्वाराबाहेर उभे राहून चोखोबा देवाला जे विचारतात ते अभंगातच विचारतात. दुसरी गोष्ट टिळकांच्या घरातली. लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात आल्या तेव्हा सोवळे-ओवळे कडकपणे पाळणाऱ्या होत्या. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हा विचार त्यांना बाप्तिस्म्याच्या आधी स्वतःच्या बुद्धीने सुचला आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. ज्या घरात हे घडले त्या घराने गावगाडा परत आणला असे म्हणवत नाही. निर्मळांचा प्रश्न यामुळे संपतो असेही नाही. तो राहतो, आणि राहावा.

बाबासाहेबांच्याच एका ग्रंथाची हकीगत येथे आठवते. 'द बुद्ध ॲण्ड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात १९५९ साली त्यावर जे परीक्षण आले, त्यात ग्रंथाचे नाव बदलून बुद्धाऐवजी आंबेडकरांचे नाव घालावे अशा आशयाचा शेरा होता. टीकाकार बौद्धच होता. आज महाराष्ट्रातल्या बौद्ध घराघरांत जो ग्रंथ आदराने वाचला जातो, त्याची ही पहिली घरगुती संभावना. दोन्ही प्रकरणे एकसारखी नाहीत. बाबासाहेबांनी जुने टाकून दिले, टिळकांनी जुन्यातले काही जपले. परंतु नव्याने धर्मात आलेला माणूस हात जोडून आला तर चालतो, डोके घेऊन आला की जुन्या रहिवाशांना त्याची अडचण होते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

शेवटी 'ख्रिस्तायना'विषयी लिहायचे आहे, कारण टीकाकारांना दिलेले उत्तर माझ्या मते कोणत्याही वादविवादापेक्षा त्या ग्रंथात आहे. येशूचे चरित्र ओवीबद्ध सांगणारे महाकाव्य टिळकांनी आरंभले. सुमारे दहा अध्याय होतात तोच ते गेले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि १९३८ साली, दोघांच्याही पश्चात, तो ग्रंथ छापला गेला. या बाई शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याने लहर लागेल तेव्हा शिकवलेली अक्षरे, एवढीच त्यांची विद्या. इंग्रजी त्यांना आले नाही. धर्मशास्त्राची कोणतीही परीक्षा त्यांनी दिली नव्हती. टीकाकारांच्या म्हणण्याप्रमाणे ओवी आणि अभंग जर दाराबाहेर ठेवले असते, तर या बाईने ख्रिस्ताविषयी काय बोलायचे होते आणि कोणत्या भाषेत? इंग्रजी चालीवरचे भाषांतरित गाणे तिने मंडळीत उभे राहून इतरांबरोबर म्हटले असते आणि खाली बसली असती. ओवी तिला कोणी शिकवावी लागली नाही. जात्याशी बसणाऱ्या कोणत्याही मराठी बाईला ती शिकवावी लागत नाही.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. पहिल्या वर्षी एका स्पर्धेत मी भाषणात आजोबांच्या तोंडचा अभंग घेतला, तेव्हा 'हे भजन झाले, भाषण नव्हे' असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. परंतु त्या दिवसापासून मी घरची भाषा घरीच ठेवून यायला शिकलो होतो. टिळकांवरची टीका वाचताना ती गोष्ट सारखी आठवत होती, हे कबूल करतो. माझे मत त्यामुळे एका बाजूला झुकले असेल तर वाचकांनी तेवढे वजा करून घ्यावे.

टिळकांना नावे ठेवली गेली, आणि रविवारी मात्र मराठी मंडळ्या त्यांचीच पदे म्हणत राहिल्या. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती लोकांच्या गायनाच्या पुस्तकात आजही त्यांच्या पदांचा वाटा मोठा आहे. वाद पंडितांत चालू होता तेव्हा गाणाऱ्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता.

दिवाळीत मी गावी जाताना सरांजवळची 'ख्रिस्तायना'ची प्रत घेऊन गेलो. रात्री पडवीत आजी वाती वळीत बसली होती. कोणाचे, कशाचे काही न सांगता मी जन्माच्या प्रसंगाच्या ओव्या तिला वाचून दाखवल्या. मध्ये एकदा तिने हात थांबवला.

"अवघडलेली बाय आनि गुरांच्या गोठ्यात?" ती म्हणाली. "त्या गावात एकालाबी दार उघाडता आलं नाय?"

मग म्हणाली, "वाच फुडं."